वनस्पतिजन्य घटकांनी सनस्क्रीनचे संरक्षण खरोखर वाढते का?

द्राक्षवेल

सर्वांना नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातील एका बचत गटाच्या सहा जणी गेली चार वर्षे उटणे, शिकेकाईची पूड आणि कोरफडीचा साबण तयार करून दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या प्रदर्शनांत विकतो. गेल्या वर्षीपासून गिऱ्हाइके एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत आहेत, ती म्हणजे “केमिकल नसलेले सनस्क्रीन आहे का?” आमच्याकडे एप्रिलमध्ये द्राक्षबागांची खरड छाटणी चालते आणि गटातल्या बहुतेक जणी त्या कामावर जातात, त्यामुळे उन्हाचा प्रश्न आमच्या घरचाच आहे. म्हणून विकण्याआधी स्वतःपुरते एक मलम करून पाहिले.

त्यात लाकडी घाण्याचे खोबरेल तेल, मधमाश्यांचे मेण, कोरफडीचा ताजा गर, वस्त्रगाळ केलेली कापूरकाचरी, गाजराच्या बियांचे तेल आणि बाहेरून विकत आणलेली झिंक ऑक्साइडची पांढरी पूड घातली. सुवास यावा म्हणून अर्ध्या किलोच्या घाण्याला लिंबाच्या सालीचे तेल दोन चमचे टाकले. इंटरनेटवर एक तक्ता सापडला होता. त्यात खोबरेल तेलाचा एसपीएफ ७, गाजराच्या बियांच्या तेलाचा ३८ ते ४० आणि रासबेरीच्या बियांच्या तेलाचा २८ ते ५० असा दिला होता. आम्ही आपले मनाशी हिशेब करून ‘आपले मलम सहज ४० च्या पुढे जाईल’ असे धरून चाललो.

झाले ते असे. दुसऱ्याच दिवशी मलमातून पाणी सुटले आणि पांढऱ्या गुठळ्या वर आल्या. तरीही ढवळून, दोघींनी ते लावून तीन दिवस छाटणी केली. एकीच्या हाताची पाठ नेहमीसारखीच रापली. दुसरीच्या मानेवर मात्र कानामागून खाली ओघळ यावा तसे तांबूस पट्टे उमटले, त्यांची आग झाली आणि आता तिथे काळपट डाग राहिले आहेत. तिने ओढणी घेतली नव्हती, कारण मलम लावले आहे म्हणून ती निर्धास्त होती. याचे मला फार वाईट वाटते.

माझे विचारणे असे आहे की, वनस्पतींच्या तेलांत वा अर्कांत ऊन अडवण्याची शक्ती असते का. नसेल तर ती असल्याचे इतके आकडे आले कुठून. आणि तयार सनस्क्रीनमध्ये असे घटक मिसळून त्याचे संरक्षण वाढवता येते का? आमच्या भागात द्राक्षे मुबलक असल्याने द्राक्षबियांच्या अर्काविषयीही जाणून घ्यायला आवडेल.

परीक्षानळी

ताई, आपण झालेली चूकही प्रामाणिकपणे मांडली, हे फार चांगले केलेत. मी सौंदर्यप्रसाधनांच्या संशोधन विभागात वीस वर्षे क्रीम आणि लोशनची सूत्रे बसवण्याचे काम केले आहे, त्या अनुभवावर उत्तर देतो. उत्तर लांबेल.

आधी एसपीएफ म्हणजे काय ते पाहू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर लावून कृत्रिम अतिनील प्रकाश टाकतात आणि त्वचा किंचित लाल व्हायला किती मात्रा लागली ते मोजतात. उघड्या त्वचेला लागलेल्या मात्रेच्या तुलनेत ती जितक्या पट भरते, तो एसपीएफ. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार ही चाचणी किमान दहा माणसांवर घ्यावी लागते. म्हणजे हा आकडा त्या विशिष्ट मिश्रणाच्या विशिष्ट थराचा असतो, एकेका घटकाचा नसतो, आणि म्हणून त्याची बेरीज होत नाही. ७ चे तेल आणि ४० चे तेल मिसळले तर ४७ होईल असे मानणे म्हणजे दोन पातेल्यांतले कोमट पाणी एकत्र केल्यावर ते उकळेल असे मानण्यासारखे आहे.

आता तक्त्यातल्या आकड्यांकडे वळू. खोबरेल तेलाचा ७ हा आकडा २०१० साली रायपूरच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासातून आला आहे. त्यात ऑलिव्ह तेलाला साधारण ७.५, खोबरेलाला ७.१, एरंडेलाला ५.७ आणि तिळाच्या तेलाला १.८ असे आकडे मिळाले होते. मात्र तो प्रयोग माणसाच्या त्वचेवर झालेला नव्हता. तेलाचे पाणीमिश्रित अल्कोहोलातले पातळ द्रावण करून, काचपात्रात घालून, त्यातून २९० ते ३२० नॅनोमीटर लांबीच्या लहरी किती शोषल्या जातात ते यंत्राने मोजले होते आणि ते वाचन १९८६ साली ब्राझीलमध्ये सुचवलेल्या एका सोप्या समीकरणात घातले होते. ही पद्धत स्वस्त आणि झटपट आहे, म्हणून आपल्याकडच्या फार्मसी महाविद्यालयांत प्रकल्पासाठी सर्रास वापरली जाते. पण तिचे एक दुखणे आहे. खोबरेल तेल अशा मिश्रणात नीट विरघळत नाही, त्याचे दुधासारखे गढूळ पाणी होते, आणि गढूळपणामुळे विखुरलेला प्रकाशही यंत्र ‘शोषलेला’ म्हणून नोंदवते. शिवाय ही पद्धत ३२० नॅनोमीटरच्या पलीकडे, म्हणजे यूव्हीए किरणांच्या प्रदेशात, पाहतच नाही. त्वचा रापवणारे आणि तिला अकाली म्हातारी करणारे किरण प्रामुख्याने त्या प्रदेशातले असतात.

गाजराच्या बियांच्या ३८ ते ४० ची कथा तर याहून मजेशीर आहे. ज्या लेखाचा हवाला दिला जातो, त्यात हे तेल स्वतंत्रपणे तपासलेलेच नव्हते. बाजारात मिळणारी, वनौषधी असलेली तयार सनस्क्रीन तपासली होती आणि त्यांपैकी एकात गाजराचा घटक होता. रासबेरीचा आकडाही २००० सालच्या एका लेखात टायटेनियम डायऑक्साइडच्या उत्पादनांशी केलेल्या तुलनेतून उचलला गेला आणि पुढे तेलाच्या नावावर चिकटला. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवले, आणि तक्ता तयार झाला.

२०१६ साली मात्र एका अभ्यासात तेले आणि फळभाज्यांचे रस मान्यताप्राप्त अतिनील-शोषक रसायनांशेजारी ठेवून पाहिले गेले. तेलांची शोषणक्षमता त्या रसायनांच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी भरली आणि रसांच्या पुडींची सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी. जांभळ्या गाजराची पूड क्रीममध्ये तब्बल ५० टक्के घातली तेव्हा चांगला अडथळा मिळाला, पण निम्मे गाजर असलेले जांभळे क्रीम तोंडाला फासून बाजारात कोण जाणार, हा प्रश्न उरतोच.

आपल्या मलमातून पाणी का सुटले, तेही सांगतो. नुसते मेण हे पाणी आणि तेल यांना धरून ठेवत नाही. त्यासाठी पायसकारक, म्हणजे इमल्सिफायर, लागतो. कोरफडीचा गर आम्लधर्मी असतो आणि झिंक ऑक्साइड अल्कधर्मी, त्यामुळे जस्ताचा थोडा भाग विरघळून गराची घडी आणखी विस्कटते. उरलेली पूड कोरडीच ढवळल्याने तिचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या. गुठळी झाली की दोन गुठळ्यांमधली जागा उघडी राहते आणि ऊन तिथूनच आत जाते. कारखान्यात हे कण आधी तेलात विशिष्ट सहायक घटक घालून तासन्‌तास घोटतात आणि मग क्रीममध्ये सोडतात. घरच्या खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये ते साधत नाही. त्यामुळे आपल्या मलमात ऊन अडवू शकणारा एकमेव घटक, म्हणजे झिंक ऑक्साइड, तोही नीट पसरलेला नव्हता.

मग वनस्पती अगदीच निरुपयोगी आहेत का? तसे नाही, त्यांचे काम दुसरे आहे. सनस्क्रीनचा थर पार करून जे किरण आत पोचतात, ते त्वचेत फ्री रॅडिकल नावाचे उपद्रवी कण तयार करतात, आणि वनस्पतींतली पॉलिफेनॉल वर्गातली द्रव्ये त्यांना निष्प्रभ करू शकतात. हिरव्या चहाच्या पॉलिफेनॉलचा २००१ साली माणसांच्या त्वचेवर अभ्यास झाला. ती आधी लावलेल्या जागी नंतर अतिनील प्रकाश टाकला असता लाली तर कमी आलीच, शिवाय उन्हाने मेलेल्या पेशीही कमी आढळल्या. तांदळाच्या कोंड्यात सापडणारे फेरुलिक आम्ल हे दुसरे उदाहरण. १५ टक्के क जीवनसत्त्व आणि १ टक्का ई जीवनसत्त्व यांच्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातल्यावर ते द्रावण टिकाऊ झाले आणि त्याचे संरक्षण सुमारे चौपटीवरून आठपटीवर गेले, असे २००५ साली डुकराच्या त्वचेवरील प्रयोगांत दिसले. तिसरे काम म्हणजे उन्हात स्वतःच विघटन पावणाऱ्या अ‍ॅव्होबेन्झोनसारख्या फिल्टरला, म्हणजे किरण शोषणाऱ्या घटकाला, टिकवून धरणे. तिथेही काही अँटिऑक्सिडंट, म्हणजे फ्री रॅडिकलना निष्प्रभ करणारी द्रव्ये, उपयोगी पडतात.

जाता जाता एक सांगतो, कारण आपण ऊसपट्ट्याच्या शेजारी राहता. लाकूड आणि उसाचे चिपाड यांत लिग्निन नावाचे द्रव्य असते, ते अतिनील किरण खरोखर शोषते. २०१५ च्या सुमारास चिनी संशोधकांनी एसपीएफ १५ च्या तयार लोशनमध्ये २ टक्के लिग्निन मिसळले तेव्हा प्रयोगशाळेतले मोजमाप सुमारे ३० पर्यंत चढले. अडचण एवढीच की ते काळपट तपकिरी असते. ज्या दिवशी त्याचा रंग फिका करणे स्वस्तात साधेल, त्या दिवशी हा विषय माझ्या मते सर्वांत रंजक होईल.

द्राक्षबियांच्या अर्कातही अँटिऑक्सिडंट भरपूर असतात. फक्त तासगावची द्राक्षे बहुतांशी बिनबियांची, तेव्हा बिया आपल्याला नाशिकच्या वाइन करणाऱ्यांकडून आणाव्या लागतील.

कापूरकाचरी

परीक्षानळी यांचे विवेचन उत्तम आहे, परंतु त्यांनी सरसकट सर्व वनस्पतींना एकाच तागडीत तोलले, हे मला पटले नाही. मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे आणि माझे टोपणनावच या विषयाला साजेसे असल्याने गप्प बसवत नाही.

ताईंनी वापरलेल्या कापूरकाचरीच्या कंदात इथाइल पॅरामेथॉक्सिसिनामेट हे द्रव्य असते आणि ते ३१० नॅनोमीटरच्या आसपासचे, म्हणजे यूव्हीबी किरण चांगले शोषते. जगभरातल्या असंख्य सनस्क्रीनमध्ये जो ऑक्टिनॉक्सेट नावाचा फिल्टर घालतात, तो याच कुळातला आहे. फरक आहे तो रेणूच्या शेपटीचा. उन्हावरचे औषध वनस्पतीत शोधण्याची खटपट पाश्चात्त्यांनीही केली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत हॉर्स चेस्टनटच्या सालीतल्या एस्क्युलिनपासून ऊनरोधक मलमे तयार केली जात होती. म्यानमारमध्ये तनाखाच्या सालीचा लेप स्त्रिया आजही रोज गालांवर लावतात. तेव्हा आपल्या उटण्यात पिढ्यान्‌पिढ्या जी कापूरकाचरी पडत आली, तिला ‘वास देणारी पूड’ म्हणून बाजूला सारणे घाईचे ठरेल. ‘केमिकल नको’ म्हणणाऱ्यांना ‘वनस्पतीतही केमिकलच असते’ असे सांगावे लागते, तसेच ‘वनस्पतीत काही नाही’ म्हणणाऱ्यांनाही तेच वाक्य सांगावे लागते.

परीक्षानळी

वैद्यराज, आपला मुद्दा खरा आहे आणि तो माझ्याकडून निसटला, हे मान्य करतो. माझी हरकत द्रव्याला नसून पुडीला आहे. ऑक्टिनॉक्सेट हे तेलासारखे द्रव असते, ते क्रीमच्या तेलात पूर्ण मिसळते आणि त्वचेवर सलग पसरते; युरोपात त्याची कमाल मर्यादा १० टक्के आहे, यावरून किती प्रमाणात ते घालावे लागते याची कल्पना यावी. याउलट कापूरकाचरीच्या वस्त्रगाळ पुडीत ते द्रव्य कंदाच्या तंतूंत आणि स्टार्चमध्ये अडकून पडलेले असते. अर्धा किलो मलमात मूठभर पूड घातली, तर त्वचेच्या एका चौरस सेंटिमीटरवर त्यातले किती येईल? कंदातून ते द्रव्य काढून, शुद्ध करून, मोजून घातले तर ते काम करेल. पण मग तो एक शुद्ध केलेला रासायनिक घटकच झाला, आणि त्याची सुरक्षितता नव्याने सिद्ध करावी लागेल. युरोपीय संघाच्या मान्य अतिनील फिल्टरांच्या यादीत आजही एकही वनस्पती-अर्क नाही.

शिवाय उटणे आपण चोळून धुऊन टाकतो. दिवाळीच्या पहाटे लावलेले उटणे दुपारच्या उन्हात अंगावर नसतेच.

डॉ. सावली

मी नागपुरात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. इथल्या मे महिन्यात माझ्या बाह्यरुग्ण कक्षात अशा घरगुती मलमांचे रुग्ण दर आठवड्याला येतात, म्हणून ताईंच्या वर्णनातल्या एका ओळीवर माझे लक्ष लगेच गेले.

कानामागून ओघळासारखे उमटलेले पट्टे, आधी आग आणि मग काळपट डाग, हे वर्णन साध्या उन्हाने भाजल्याचे वाटत नाही. ऊन सगळीकडे सारखे लागते; त्याला ओघळाचा आकार नसतो. दाबून काढलेल्या लिंबाच्या सालीच्या तेलात फ्युरोकुमारिन वर्गातली द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना यूव्हीए किरण पडले की त्या दोहोंच्या संयोगाने त्वचेच्या पेशींना इजा होते. घामाबरोबर मलम जिथून ओघळले, तिथेच पट्टा उमटतो. अंजिराचा चीक आणि बावचीचे तेल यांचेही असेच होते. कोडावरच्या उपचारात बावचीचा हाच गुण मुद्दाम, मोजून मापून वापरला जातो. म्हणजे ऊन अडवण्यासाठी केलेल्या मलमात ऊन अधिक लागावे असा घटक नकळत पडला होता. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे आपल्या मैत्रिणीने जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांना मान अवश्य दाखवावी. तोपर्यंत डागांवर लिंबू, हळद किंवा ब्लीच यांपैकी काहीही लावू नये आणि मान झाकून ठेवावी. असे डाग बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत फिके होतात.

दुसरी गोष्ट शेतात काम करणाऱ्यांसाठी. गाजरगवताची भारतातली नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि तेव्हापासून त्याची अ‍ॅलर्जी शेतकऱ्यांत फार पसरली आहे. चेहरा, मान, कोपराच्या आतली बाजू इथे खाज व पुरळ येते आणि उन्हात ते वाढते. कॅमोमाइल आणि कॅलेंड्युला या ‘त्वचा शांत करणाऱ्या’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या वनस्पती गाजरगवताच्याच कुळातल्या आहेत, शेवंती आणि सूर्यफूलही त्याच कुळातले. ज्याला गाजरगवत सोसत नाही, त्याला यांचा अर्कही सोसेलच असे नाही. ‘नैसर्गिक’ या शब्दाने अ‍ॅलर्जीची शक्यता कमी होत नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो परीक्षानळी यांनी पुरेसा उलगडला नाही. एसपीएफ मोजताना लाली पाहतात. ज्येष्ठमध, कॅमोमाइलमधले बिसाबोलॉल यांसारखे घटक दाह कमी करतात, म्हणजे लाली उशिरा आणतात. असा घटक सनस्क्रीनमध्ये घातला की चाचणीतला आकडा वाढू शकतो, परंतु त्वचेत शिरणारे किरण तेवढेच राहतात. धुराची घंटा बंद केल्याने आग विझत नाही, तशातला हा प्रकार आहे. हिरव्या चहासारख्या अभ्यासात लालीखेरीज पेशींचेही नुकसान मोजलेले असते, म्हणून तो वेगळा. प्रत्येक ‘एसपीएफ वाढवणाऱ्या’ अर्काबाबत आपण हेच विचारले पाहिजे की, त्याने किरण अडवले, नुकसान कमी केले, की फक्त लाली झाकली?

कोरफड आणि चंदन यांनी मिळणाऱ्या गारव्याचेही तसेच. गारवा वाटला की माणूस उन्हात अर्धा तास जास्त थांबतो. अतिनील किरण त्वचेला गरम लागत नाहीत. गरम लागतात ते अवरक्त किरण. माझ्या रुग्णांना हे समजावून सांगायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो.

फळा-खडू

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. वरील चर्चा वाचून मला आमच्या शाळेतला एक प्रयोग आठवला, तो ताईंना करून पाहण्यासारखा आहे. अतिनील प्रकाशात रंग बदलणारे प्लास्टिकचे मणी मिळतात. सावलीत ते पांढरे असतात आणि उन्हात नेले की काही सेकंदांत जांभळे होतात. आम्ही पारदर्शक पातळ प्लास्टिकचे चौकोन कापले, एकावर खोबरेल तेल, एकावर कोरफडीचा गर, एकावर गाजराच्या बियांचे तेल आणि एकावर बाजारातले एसपीएफ ५० चे लोशन बोटाने सारखे पसरले, एक कोराच ठेवला, आणि प्रत्येकाखाली पाच-पाच मणी ठेवून सगळे एकदम पटांगणात नेले.

मुलांनी दहापर्यंत आकडे मोजेस्तोवर कोऱ्या, खोबरेलाच्या, कोरफडीच्या आणि गाजराच्या अशा चारही चौकोनांखालचे मणी जांभळे झाले. एकातही डोळ्यांना जाणवेल असा फरक नव्हता. लोशनखालचे मणी जवळजवळ पांढरे राहिले, फक्त जिथे एका विद्यार्थिनीचे बोट उचलले गेले होते, तिथल्या मण्यावर जांभळी कड आली. तीच कड मुलांच्या सर्वांत जास्त लक्षात राहिली. हे मोजमाप नव्हे, याने एसपीएफ कळत नाही, आणि दाह कमी करणाऱ्या अर्कांविषयी तर यातून काहीच कळत नाही. पण ‘हे तेल किरण अडवते का’ या एका प्रश्नाचे उत्तर ताईंच्या गटाला अंगणातच मिळेल, तेही कोणाची मान न भाजता.

द्राक्षवेल

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर, आपले उत्तर वाचून मी त्याच संध्याकाळी मैत्रिणीला घेऊन सांगलीला गेले. तिथल्या डॉक्टरांनीही लिंबाच्या तेलाचाच संशय व्यक्त केला आणि दोन महिने मान झाकायला सांगितली आहे. तिचे डाग पाहून बाकीच्या जणींनी उरलेल्या मलमाला हात लावायचे सोडले.

दोन शंका उरल्या आहेत. तयार, चाचणी झालेले सनस्क्रीन विकत घेऊन त्यात आमच्याकडचा एखादा अर्क, समजा द्राक्षबियांचा, मिसळून विकले तर चालेल का? आणि छाटणीच्या बाईने दिवसभरासाठी नेमके करावे तरी काय? एक नळी आठवडाभर पुरवून वापरण्याची आमची सवय आहे.

परीक्षानळी

पहिल्याचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. सनस्क्रीनचा थर ज्या घडीवर उभा असतो, ती घडी बाहेरचे पाणी, आम्ल वा क्षार पडताच मोडते. वरून ते तसेच पांढरे दिसते, पण त्वचेवर सलग पसरत नाही. शिवाय झिंक किंवा आयर्न ऑक्साइड असलेल्या क्रीममध्ये टॅनिनयुक्त अर्क घातला तर रंगही बिघडतो. लोखंडी कढईत त्रिफळ्याचा काढा काळाभोर होतो, ते आपण पाहिलेच असेल. मिसळल्यानंतर डब्यावरचा एसपीएफचा आकडा त्या मालाचा राहत नाही. कायद्याच्या बाजूनेही, सौंदर्यप्रसाधने तयार करून विकायला २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, आणि एसपीएफचा आकडा छापायचा तर चाचणीचा अहवाल हाताशी हवा. आपल्याला हा धंदा करायचाच असेल, तर परवानाधारक उत्पादकाकडून आपल्या नावाने माल तयार करून घेण्याचा मार्ग आहे. अर्क घालायचा तर तो सूत्र बसवतानाच घालावा आणि चाचणी अर्कासकट झालेल्या मालाची घ्यावी.

डॉ. सावली

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देते. चेहरा आणि मान यांच्यासाठी तर्जनी व मधले बोट यांच्या लांबीभर दोन रेघा, इतके लोशन एका वेळेला लागते. आपण बहुतेक जण याच्या निम्मेही लावत नाही, आणि निम्मे लावले की ५० चा आकडा २५ च्या घरात, कधी त्याहूनही खाली येतो. महागड्या अर्काने जे वाढेल असे आपल्याला वाटते, त्याहून जास्त इथेच गळते. कामाला निघण्याच्या वीस मिनिटे आधी लावावे आणि घाम पुसला की किंवा दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

पण दिवसभर मांडवाखाली हात वर करून काम करणाऱ्या बाईला हे खर्चाने परवडणार नाही, हे मलाही कळते. म्हणून लोशन फक्त चेहरा आणि हाताची पाठ यांच्यापुरते ठेवा. बाकी अंगाला घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, मानेवरून घेतलेली गडद रंगाची ओढणी आणि तिच्यावर रुंद काठाची टोपी वापरा. कापड उजेडासमोर धरून पाहावे. जितका उजेड आरपार दिसतो, तितके ऊन आत येते. विरलेली, फिकी सुती ओढणी गार वाटते, पण अडवत फार थोडे. जिला वांग आहे, तिने रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेले सनस्क्रीन घ्यावे, कारण सावळ्या त्वचेवर वांग गडद होण्यात दृश्य प्रकाशाचाही वाटा असतो आणि साधी सनस्क्रीन तो अडवत नाहीत.

द्राक्षवेल

समजले. सनस्क्रीनचा बेत आम्ही सध्या बाजूला ठेवला आहे, आणि उटण्याच्या पुडीवर ‘उन्हापासून रक्षण’ असे छापले होते, ती चिठ्ठीही काढून टाकतो. एकच राहिले. त्या अर्ध्या किलोतले पावशेरभर मलम अजून डब्यात आहे. मेण आणि तेल दोन्ही चांगल्या प्रतीचे होते. टाकून देववत नाही. थंडीत टाचांच्या भेगांना चालेल का?

परीक्षानळी

लिंबाचे तेल नसते तर रात्री टाचांना लावून मोजे घाला, असे सांगितले असते. पण त्यात ताजा कोरफडीचा गरही आहे आणि परिरक्षक काहीच नाही. सुटलेल्या पाण्यावर एव्हाना बुरशी धरली असेल. झाकण उघडून वास घेऊन पाहण्याचीही गरज नाही, टाकून द्या. टाचांसाठी नुसते खोबरेल तेल आणि मेण चार भागांस एक भाग घेऊन, मंद आचेवर वितळवून, पाण्याचा थेंबही न लावता नवे मलम करा. ते महिनोन्‌महिने टिकेल.

द्राक्षवेल

टाकले. डबा धुताना पाहिले तर झाकणाच्या आतल्या बाजूला हिरवट ठिपके होते.